उजळलेले बैल

गजराबाईनं त्या दिवशी उजाडताच गेरू कालवला. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायला घरात गेरू असायचाच. वाटीत बोट बुडवून तिनं डोंगराच्या कपारीतला एकेक पुसट बैल, एकेक माणूस पुन्हा लाल केला. लेकीचे सर बघायला येणार होते. चित्रं नीट दिसायला नकोत?

येरमाळ्याच्या वरच्या रानात तिची तीस वर्षं मेंढरांमागं गेली होती. लेकीचा, प्रतीक्षाचा जन्मही या कपारीतलाच. सासू होती तोवर दर दोन-चार वर्षांनी ही चित्रं उजळायची, देव्हाऱ्यातले झिजलेले टाक सोनाराकडून उजळून आणतात तसं. ती गेल्यावर ते राहूनच गेलं होतं.

प्रतीक्षा आता एम.ए.ला होती. ही चित्रं आदिमानवानं कशासाठी काढली, त्यांचा अर्थ काय, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. वीरभद्र सर जागा बघून हो म्हणाले, तरच तो पुढं जाणार होता.

सर कपारीत वाकले. भिंतीला लावलेलं बोट लाल झालं.

"हे कुणी केलं?"

"म्या," गजराबाई हौसेनं म्हणाली. "लई पुसट झालं होतं."

"मावशी, हजारो वर्षांपूर्वीचं असेल हे! त्याच्यावर रंग फासलात?"

"फासला न्हाय साहेब. उजळलं."

सर लेकीकडं वळले. "आता जुनं किती आणि आईचं किती, कसं सांगणार? दुसरी जागा बघ." आणि ते डोंगर उतरून गेले.

प्रतीक्षानं ओढणी भिजवली आणि एक बैल घासायला घेतला. गजराबाईनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नगंस. खालचं बी जाईल."

"वर्षभर राबले मी, माय! एकदा विचारायचंस तरी!"

"तू इचारलंस का कधी? सारखे फोटो भिंतीचे. माझ्याशी बोललीस?"

प्रतीक्षानं फणकाऱ्यानं वही उघडली. "बरं, सांग. कशासाठी काढली ही?"

लेकीच्या कामाला येईल असं काहीतरी सांगावं म्हणून गजराबाईचा जीव नुसता तळमळला.

"काढणाऱ्याचं मला काय ठाव?" शेवटी ती चिडूनच म्हणाली. "आमी उजळतो. बैल पुसत चालला की..."

"की काय?"

"बरं वाटत न्हाय गं!"

"हे लिहू प्रबंधात? आईला बरं वाटत न्हाय म्हणून?" प्रतीक्षानं कपाळावर हात मारून घेतला. वही मात्र मिटली नाही. तिनं विचारलं, "आजी आधी कुठला बैल उजळायची?"

"ह्यो, कोपऱ्यातला," गजराबाई म्हणाली. "आन् नीट लिही. लगेच पुसायला धावू नगंस."