मिलिंदने पुसलेली वायर

काही माणसांचे किस्से आठवावे लागत नाहीत, फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांच्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपमधला असा माणूस म्हणजे मिलिंद. मूळचा नागपूरचा. इथे सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी तो मुंबईत एका स्टुडिओत होता. सिनेमात माणसं उडतात ना, त्यांना बांधलेली वायर कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून पुसायची, हे त्याचं काम. तेव्हापासून या गृहस्थाला पडद्यावर दुसरं काही दिसतच नाही!

*

त्याच्या मुलीच्या, सईच्या वाढदिवसाला जादूगार बोलावला होता. त्याने रुमाल हवेत तरंगवला. पोरं आ वासून बघतायत आणि मागून मिलिंदचा आवाज, "लेफ्ट स्लीव्हमध्ये थ्रेड आहे!"

जादूगार अमेरिकन होता, पण तेवढं त्याला बरोबर कळलं. पुढची सगळी जादू त्याने मिलिंदकडे पाठ करून केली.

*

गणपतीत मुलांच्या नाटकात हनुमान दोरीवरून झेपावणार होता. "जय श्रीराम" म्हणून तो हात वर करतो न करतो तोच मिलिंद स्टेजवर! हनुमानाला थांबवून त्याने कमरेच्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली, आणि प्रेक्षकांना म्हणाला, "काही नाही, चालू द्या!"

लंका त्या वर्षी जरा उशिरा जळली.

*

मग जादूच्या राज्यावरच्या आठ भागांच्या सिनेमांचं निघालं. सगळ्या पोरांना त्यांचं वेड. दर शनिवारी आमच्याकडे एकेक बघायचा ठरला. मिलिंदने यातला एकही पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "ये की तूही."

"पाहाचं काय बे त्यात? चौथ्या भागातली ती बुरुजावरची उडी आहे ना, तिची वायर मीच पुसली. मागे नुसता हिरवा पडदा होता!"

ती उडी त्याने कित्येक महिने पाहिली होती, पण तुकड्यातुकड्यांत आणि आवाजाशिवाय. आम्ही नेहमीसारखे हसलो.

दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला. आपण घरीच बघू या का, असं तिने सईला विचारलं, तर सई म्हणाली, "नॉट विथ बाबा. बाबा ब्रेक्स एव्हरीथिंग." मिलिंद तिथेच उभा होता. त्या दिवशी तो जेवलासुद्धा नाही म्हणे. मला फार वाईट वाटलं. आम्ही किस्से सांगून खिदळत होतो आणि तिकडे पोरगी बापाजवळ बसेनाशी झाली होती.

*

शनिवारी मिलिंद सईच्या मागोमाग आत आला. सईची अट एकच, एक शब्द बोललास तर बाहेर! त्याने गुपचूप चिवड्याने तोंड भरलं.

पहिल्या अर्ध्या तासात त्याचं बोट दोनदा पडद्याकडे उठलं. सईने दोन्ही वेळा ते खाली दाबलं. मग पडद्यावर एक अख्खी नदी जमिनीवरून उठून आभाळात चढायला लागली. तो सीन मी कितव्यांदा पाहिला कोण जाणे, तरी अंगावर काटा आलाच. मी मिलिंदकडे बघितलं. बोट मांडीवर होतं आणि मूठभर चिवडा हातातच राहिला होता.

सिनेमा संपल्यावर त्याने हातातला चिवडा पुन्हा वाटीत ठेवला. मग म्हणाला, "बाप्पा! केवढं मोठं आहे हे!"

*

तिसऱ्या शनिवारी तो ट्रॅफिकमध्ये अडकला. दर पाच मिनिटांनी फोन! "सुरू करू नका बे! हायवेच्या एक्झिटवरच आहे मी!"

वैशाली म्हणाली, "हिरवा पडदा कुठे पळून जात नाही, सांग त्याला."

*

आणि चौथा भाग. बुरूज आला तसे आम्ही सगळे पडद्याऐवजी मिलिंदकडेच बघायला लागलो. सई त्याला खेटून बसली होती.

बुरुजाच्या टोकावर सिनेमातली मुलगी उभी. खाली दरी, तळ दिसत नाही. वारा सुटला, संगीत थांबलं आणि तिने स्वतःला झोकून दिलं.

मिलिंदने सईचा हात गच्च धरला. "अरे, पडते ही!"

सईने दुसऱ्या हाताने त्याला थोपटलं. "रिलॅक्स बाबा. तिला वायर आहे."

पडद्यावरची नजर न हलवता मिलिंद ओरडला, "नाहीये गं! मी स्वतः पुसलीये!"