पट्टीखालचा मजकूर

केळुस्कर बाई पुस्तकांना पट्ट्या लावायच्या. फाटलेलं पान सांधायला नव्हे. पान धडधाकट असायचं, मजकूर त्यांना पसंत नसायचा. खाकी कागदाची सरळ कापलेली पट्टी, घरी शिजवलेली मैद्याची खळ, आणि त्याखाली चार ओळी, कधी अख्खं अर्धं पान गडप. सिल्वासातल्या आमच्या मराठी मंडळाची लायब्ररी म्हणजे एक खोली आणि पाच कपाटं. त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांना बाईंचा हात लागलेला होता. जवळच्या खडोली-सायलीच्या कंपन्यांतले ऑपरेटर रविवारी यायचे आणि दारातूनच विचारायचे, "बाई, पट्टीवालं आहे का एखादं?" मग पान ट्यूबलाइटसमोर धरून वाचायची खटपट चालायची. बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, वाचा, वाचा, डोळे जातील पण अक्कल काही येणार नाही. पुस्तक मात्र कधी नाकारलं नाही त्यांनी.

बाई वेंगुर्ल्याकडच्या. सरकारी शाळेत मराठी शिकवायला म्हणून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी शिरपूरकडची. बारावी झाल्यावर वडिलांपाठोपाठ खडोलीला आले. वडील एका कंपनीत हेल्पर, मी दुसरीत धाग्याच्या बॉबिन तपासून पॅक करायला. दिवसभर कानावर हिंदी आणि गुजराती, आणि आमची मराठी म्हणजे "माल चेक केला का, जल्दी कर" इतपतच. रविवारी बाईंचं बोलणं ऐकलं की न्हाऊन आल्यासारखं वाटायचं.

पट्ट्यांची गंमत मला जरा उशिरा कळली. एका कादंबरीत नवराबायकोचा चांगला दीड पानाचा प्रसंग होता. वाचताना माझे कान तापले, आणि त्यावर पट्टी नाही! दुसऱ्या एका पुस्तकात विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईचं नुसतं वर्णन होतं असं ते उजेडात धरून वाचलेली मैत्रीण सांगत होती. कोणी तिला बोटसुद्धा लावत नाही. तर ते पान वरपासून खालपर्यंत खाकी. मी बाईंना धरलंच. म्हटलं, तुमचा काही तरी घोळ झालाय.

"घोळ नाही गो," बाई म्हणाल्या. "त्या दीड पानात तो मध्येच थांबून विचारतो, तुझी पाठ अजून दुखते का. वाचलंस ना? आणि इकडे विहिरीवर त्या बाईचा एकूण एक अवयव मोजलाय, फक्त बाईच तिथे नाही. अंगाला अंग लागतं त्यात विटाळ नसतो. माणूस वगळला की मग जे उरतं ना, ते मी झाकते."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, नायिका जेवली की नाही हे ज्या नायकाला ठाऊक नाही, त्याचं प्रेम मला सांगू नका. शाळेतल्या पोरींनाही हेच सांगत. मंडळाच्या सेक्रेटरींनी एकदा तक्रार केली की बाई पुस्तकं खराब करतात. त्यांना बाईंनी शांतपणे सांगितलं, खराब होती, मी दुरुस्त केली. सेक्रेटरी पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

मग मनोजचं प्रकरण आलं. मनोज आमच्याच कंपनीत क्वालिटीला होता, जळगावचा, आमच्याच समाजाचा. सहा महिने मोबाइलवर मेसेज चालले होते. त्याने घरी मागणी घातली. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "माय, मला माणसं कळत नाहीत. शिकलेली बाई हाये, ती म्हणीन तसं करू." म्हणजे माझं लग्न बाईंच्या एका शब्दावर येऊन थांबलं. मलाही तेच हवं होतं. मनोज मला आवडत होता आणि त्याची भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एकदम का वाटतं ते मला सांगता येत नव्हतं.

बाई मोबाइलवर वाचायला तयार नव्हत्या. त्या काचेवर मला माणूस दिसत नाही, वहीत उतरवून आण, म्हणाल्या. मी उतरवले. "जेवलीस का" उतरवलं. "आईला तुझ्याबद्दल सांगितलं" उतरवलं. "तुझ्याशी बोललं की शिफ्टचा थकवा जातो" हे तर चांगल्या अक्षरात उतरवलं. आणि काही गाळले. ओढणी काढून फोटो पाठव, हा गाळला. नाही म्हणतेस म्हणजे तुझं प्रेमच नाही, हा गाळला. एकदा मी लिहिलं होतं की ताप आहे, रूमवर झोपलेय. त्यावर त्याचं उत्तर होतं, "एकटीच आहेस ना, मग येऊ का?" तोही गाळला. असलं बाईंसमोर कसं ठेवायचं?

बाईंनी वही दोनदा वाचली. हातात सवयीने लाल पेन होतं. ते त्यांनी टोपण लावून ठेवून दिलं आणि म्हणाल्या, "यात झाकण्यासारखं काही नाही गो. विचारतो तुला. खुशाल हो म्हण."

लग्न चौदा महिने टिकलं. तो मारत नव्हता. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगून टाकते. त्याला मी हवी असायचे, पण माझं हो-नाही, दुखणं-खुपणं त्यात कुठे यायचं नाही. आणि एरवी मी त्या घरात आहे की नाही, त्याला पत्ता नसायचा. एकदा तापाने फणफणले होते, हात जोडले त्याच्यापुढे. म्हणाला, नाटकं करू नको. त्या आठवड्यात मी कपड्यांची पिशवी घेऊन वडिलांच्या रूमवर परत आले.

बाईंना कळलं तशा त्या रिक्षा करून खडोलीला आल्या. खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसल्या. वडिलांपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी वाचलं होतं." वडील कानकोंडे झाले, नशिबाच्या गोष्टी म्हणाले. मी गॅसपाशी चहा गाळत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, बाई, तुम्ही अर्धंच वाचलंत. मी चहा नेऊन दिला.

त्यानंतर बाई बदलल्या. पट्ट्या लावणं बंद झालं. कोणी विचारलं, ही कादंबरी कशी आहे, तर म्हणायच्या, मला काय कळतंय, तुम्हीच वाचा. जिच्या एका शब्दाला सगळे वचकून असायचे ती बाई असं बोलायला लागली. हे माझ्यामुळे, हे मला ठाऊक होतं. तरी वर्षभर मी तोंड उघडलं नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि गावी निघाल्या, तेव्हा सामान बांधायला मी गेले होते. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता सांगून टाकलं. गाळलेले मेसेज तोंडपाठ होते, ते म्हणून दाखवले. बाई चिडल्या. त्यांना माझ्यावर चिडलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं.

"लिहिलं त्याने, आणि लाज तुला वाटली? तुला का?"

मी म्हटलं, "बाई, घाण असेल ते झाकायचं असतं ना? तुम्हीच तर झाकत होतात."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "खरं आहे तुझं. ओळखायला शिकवायचं होतं, मी लपवायला शिकवलं. हे माझ्याच खात्यावर, बाय. तू मनाला लावून घेऊ नकोस." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी रडले आणि उरलेली भांडी बांधली. वापी स्टेशनवर गाडीत बसवून दिलं तेव्हा त्यांनी खिडकीतून पुन्हा तेच सांगितलं, तुझा दोष नाही.

बाई गेल्याचं गेल्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर आलं. गावी, झोपेतच गेल्या. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, कोणी त्यांच्या पट्ट्यांचे किस्से लिहिले. मी काही लिहिलं नाही. एकच गोष्ट तेवढी लिहिण्यासारखी होती, आणि ती त्यांना त्या दिवशी तोंडावर सांगायला हवी होती. बाई, तुम्ही ओळखायला शिकवलं नाही असं म्हणू नका. शेकडो मेसेज होते. त्यातले कोणते उतरवायचे आणि कोणते गाळायचे, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने एकही चुकीचा निवडला नाही.