कोंढ्यातलं गोरं व्हायचं सलाइन

मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक खोकल्याचं औषध मागता मागता घरातलं सगळं सांगून जातात, आणि संध्याकाळी शटर ओढताना वाटतं, आज गोळ्यांपेक्षा गोष्टीच जास्त झाल्या. कोंढ्यात आमचं दुकान आहे. फार्मसी मी शिकले, म्हणून औषधांचं मी पाहते, आणि माणसांचं माझे सासरे पाहतात. त्यांना मी मामाजी म्हणते, तर आता अर्धं गाव त्यांना मामाजीच म्हणतं. मामाजींचा पहिल्या भेटीत कोणावरच विश्वास बसत नाही. एवढ्या वर्षांत मलाही तीच सवय लागली आहे.

त्यामुळे रस्त्यापलीकडच्या ब्युटी पार्लरवर 'व्हिटॅमिन सी ग्लो ड्रिप, गोरेपणा व इम्युनिटीसाठी' असा बोर्ड लागला, तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषयच उरला नाही.

*

बोर्ड लागला त्याच आठवड्यात आसगावचे एक शेतकरी आले. पन्नाशीचे असतील. दुकानात गर्दी होती म्हणून बाजूला उभे राहिले, आणि सगळे गेल्यावर हळूच म्हणाले की धाकट्या मुलीचं लग्न जुळलं आहे, तर ते गोरं व्हायचं इंजेक्शन पाहिजे होतं.

मला रागच आला. मी त्यांना सुनावलं की पोरगी आहे तशी चांगली आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी इंजेक्शन देत नाही, आणि व्हिटॅमिन सी टोचून काळी कातडी गोरी होते हे कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग मामाजींनी विचारलं, पोरीनं स्वतः मागितलं, का पाहुण्यांनी सांगितलं?

"पोरीसाठी नाई जी," ते म्हणाले. "माह्यासाठी पाह्यजे. मोठीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी दिसूनच नाई राहिलो. नुसता कुरता उभा हाये."

लग्नाचं आमंत्रण आम्हालाही आलं. मामाजी जेवायला बसायच्या आधी फोटोग्राफरकडे गेले आणि कन्यादान होईपर्यंत लाइट कुणावर पडतो आहे ते पाहत त्याच्या शेजारी उभे राहिले.

*

पार्लर वर्षाचं. माझ्याच वयाची आहे, हाताला चांगली, बोलायला गोड. सलाइन मात्र ती स्वतः लावत नसे. त्यासाठी दर रविवारी नागपूरहून एक माणूस यायचा. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, केस जेल लावून मागे. वर्षा त्याला डॉक्टरसाहेब म्हणायची. मामाजी म्हणायचे, कशाचा डॉक्टर ते आधी कळू दे.

ते कळावं म्हणून एका रविवारी मामाजी स्वतःच तिथे गेले. म्हणाले, माझा टोंगळा दुखतो, जरा पाहता का? मामाजींचा गुडघा खरंच दुखतो, त्यात खोटं नव्हतं. त्या माणसानं गुडघ्याला हातही लावला नाही. आपलं काम फक्त चेहऱ्याचं आहे, असं हसत सांगितलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला.

मामाजी परत आले. पाणी पिऊन म्हणाले, "सूनबाई, मले एक सांग. तो चेहऱ्याचा डॉक्टर हाये, त सुई हातात कायले टोचतो?"

*

पुढचा किस्सा मला आसगावच्याच दुसऱ्या एका मुलीच्या आईनं सांगितला. तो सांगताना ती निम्मा वेळ रडत होती.

तिच्या मुलीचं लग्न साकोलीकडच्या एकोडीतल्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा शिकलेला, घरी धानाची शेती. लग्नाला महिना-दीड महिना असताना आई मुलीला वर्षाकडे घेऊन यायला लागली. मुलीची इच्छा नव्हती, पण मावश्यांनी डोकं खाल्लं होतं. दर रविवारी सलाइन लावून ती पडून राहायची. पार्लरच्या आतल्या खोलीत दोन पलंग, मधे पडदा. पडद्याच्या पलीकडे कोण आहे ते वर्षा कोणालाच सांगत नसे. यायचं तर लपूनच, असा सगळ्यांचाच कारभार होता.

एका रविवारी पडल्या पडल्या कंटाळा आला म्हणून मुलीनं होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजली. ती पडद्यामागेच वाजली. मुलीला वाटलं, रिंगटोन एकसारखी असेल. तेवढ्यात त्यानं फोन उचलला आणि ती कुठे आहे, कशी आहे असं विचारू लागला. आवाज फोनमधून येत होता तसाच पडद्यातूनही येत होता.

तिनं विचारलं, "तुम्ही कुठं आहात?"

तो म्हणाला, "शेतात आहो. लय ऊन हाये."

मुलगी म्हणाली, "हो ना. पंखा मात्र मस्त फिरून राहिला तुमच्या शेतात."

आईला वाटलं, लग्न मोडलं. मुलीनं सलाइन बंद करायला लावलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली. चार-पाच दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही. जो पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलतो तो पुढे काय काय लपवेल, असं तिचं म्हणणं होतं. आई म्हणाली, पण तूही तर लपूनच गेली होतीस.

शेवटी तो मुलगा एकोडीहून मोटरसायकलनं थेट घरी आला. सगळ्यांसमोर म्हणाला की मित्रांनी साखरपुड्याच्या फोटोवरून फार चिडवलं, म्हणून घरच्यांना पत्ता लागू नये असं लांबचं पार्लर शोधलं. कोंढा आणि आसगाव इतके जवळ आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगी हसली, आणि तारीख पक्की राहिली. लग्नात दोघंही होते त्याच रंगाचे दिसत होते. मी जवळून पाहिलं.

*

गुरुजींचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

गुरुजी म्हणजे आमच्या गावचे निवृत्त शिक्षक. साखरेचा आजार जुना, रोज इन्सुलिन घेतात. त्यांना गोरं व्हायचं नव्हतं, इम्युनिटी वाढवायची होती. त्या रविवारी पांढऱ्या कोटवाल्यानं त्यांना मोठा डोस लावला. संध्याकाळी ते साखर तपासायला आमच्याकडे आले. बोटाला सुई टोचून मी रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, तर मशीनवर आकडाच येईना. साखर मोजण्यापलीकडे गेली की येतात ती दोन इंग्रजी अक्षरं आली. पुन्हा केलं, तेच.

गुरुजी घाबरले. म्हणाले, लगेच इन्सुलिन वाढवून घेतो, त्याच्या इंजेक्शनचं एक पेन दे. मी फ्रिजकडे वळलेही. पण मला काहीतरी खटकत होतं. एवढी साखर चढली की माणसाला तहान लागते, डोळ्यांवर झापड येते, आणि गुरुजी तर मघापासून नातवाच्या शाळेबद्दल ठणठणीत बोलत होते. मामाजी मागून म्हणाले, "मशीन बिघडली असन. माह्यावर पाय." त्यांचं बोट टोचलं, त्यांची साखर रोजच्यासारखीच निघाली. म्हणजे मशीन ठीक होती. मग मला जास्तच भीती वाटली.

गुरुजींवर उपचार करणाऱ्या पवनीच्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आज काही वेगळं घेतलं का? मी सलाइनचं सांगितलं. ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "इन्सुलिन वाढवू नका. व्हिटॅमिन सी एवढं टोचलं असेल तर काही मशीनला तेच साखर वाटतं. आत्ता लॅबमध्ये रक्त द्या."

मामाजींनी गुरुजींना गाडीवर बसवून पवनीला नेलं. लॅबचा रिपोर्ट आला, साखर नेहमीसारखीच होती. त्या मशीनवर विश्वास ठेवून गुरुजींनी वाढीव इन्सुलिन घेतलं असतं आणि घरी जाऊन झोपले असते, तर काय झालं असतं, हे मी त्यांच्या बायकोला आजपर्यंत सांगितलेलं नाही. घरी सोडताना गुरुजींनी मामाजींना विचारलं की आता त्या कोटवाल्याला काय म्हणायचं. मामाजी म्हणाले, "काही नोका म्हणू. मीच जाऊन येतो."

मामाजी पुढच्या रविवारी गेले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. तो माणूस त्यानंतर कोंढ्यात दिसला नाही.

*

माणूस गेला, पण बोर्ड तसाच राहिला. आणि बायका येतच राहिल्या. उलट रोवणी सुरू झाली तशा वाढल्या. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवायचं आणि संध्याकाळी घरची चूल सोडून वर्षाकडे सलाइन लावायला जायचं, हे मला काही केल्या पटेना. आता सुई कोण टोचतं, आणि औषध येतं कुठून? माझ्याकडून तर एक बाटलीही जात नव्हती. वर्षानं कुठे शिक्षण घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. कुणाचा हात सुजला, कुणाच्या रक्तात काही गेलं, तर गुरुजींसारखं नशीब प्रत्येकीचं नसतं.

एका संध्याकाळी पाऊस उघडल्यावर मी रस्ता ओलांडून गेले. काय काय बोलायचं ते मनात ठरवून गेले होते. आतल्या खोलीचं दार ढकललं, तर वर्षानं ओठांवर बोट ठेवलं.

दोन्ही पलंगांवर बायका गाढ झोपल्या होत्या. पंखा जोरात चालू होता. चिखलात राहून पांढरे पडलेले तळवे चादरीबाहेर आले होते. स्टँडला सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या, नळ्या खाली आलेल्या, प्रत्येकीच्या हातावर चिकटपट्टी. मी जवळ गेले. नळी पट्टीखाली शिरत होती आणि दुसऱ्या बाजूनं निघून गादीखाली जात होती. सुई नव्हतीच. दुसरीच्या हाताचंही तसंच.

मी वर्षाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहून तिनं जवळच्या बाईला हळूच हलवलं. बाई उठून बसली, तोंडावरून हात फिरवला, मला पाहून पदर सारखा केला. वर्षानं नळी काढली आणि पट्टी सोलायला तिचा हात धरला.

बाईनं हात मागे घेतला.

"राहू दे वो पट्टी," ती म्हणाली. "घरी दाखवा लागते."