परतीचे सेकंद

मे महिन्यातला शेवटचा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम छत्तीस लाख येन, वर्षाची, कर कापायच्या आधी. हजर माणसं पाच: संघाचा व्यवस्थापक, कोच, आमचा मुलगा, माझा नवरा आणि मी. जागा आइस हॉकीच्या रिंकवरची ऑफिसची खोली. तिथे ओल्या रबराचा वास येत होता आणि मे संपत आला तरी हीटर चालू होता.

मुलगा बावीस वर्षांचा होता. सही करायला त्याला आईबापाची गरज नव्हती, आणि आम्ही येऊ नये असं त्यानं दोनदा सांगितलं होतं. तरी मी गेले. महिना तीन लाखातून घरभाडं, विमा, कर आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता जाऊन किती उरतात हे त्यानं मांडून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

कराराची सात पानं मी पहिल्या ओळीपासून वाचली. पाचव्या पानावर लिहिलं होतं की हंगामाला ठरावीक स्टिक संघ देईल, त्याहून जास्त लागल्या तर खेळाडूनं स्वतः घ्यायच्या.

"ठरावीक म्हणजे किती?" मी विचारलं.

"ओकासान, ते खेळाडूवर अवलंबून असतं," व्यवस्थापक हसून म्हणाला. इथे मुलाच्या आईला सगळे 'ओकासान' म्हणजे आईच म्हणतात, मग ती कोणाचीही असो.

"तो वर्षाला वीस मोडतो. एक तीस हजारांची येते. सहा लाख झाले."

"आई, बास," मुलगा म्हणाला. मराठीत म्हणाला, म्हणजे फारच चिडला होता. एरवी मी मराठीत बोलते आणि तो जपानीत उत्तर देतो.

समासात वीस हा आकडा लिहिला गेला, मुलानं सहीच्या जागी शिक्का उमटवला आणि आमच्याकडे न बघता खाली बर्फावर निघून गेला. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "काठ्या मिळाल्या तुला. मुलगा गेला हातचा." त्याला असं बोलायची सवय आहे, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

नवरा सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक म्हणून आला, त्याच्याबरोबर मी आले, त्याला सत्तावीस वर्षं झाली. पहिली सहा वर्षं घरी बसले, भाषा शिकले, आणि मग एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागले. मुलगा इथलाच. शाळेतल्या मित्राबरोबर सातव्या वर्षी बर्फावर उभा राहिला आणि मग तिथून त्याला खाली उतरवणं आम्हाला जमलं नाही. घरात या खेळातलं कोणालाच काही कळत नव्हतं. मी तो आकड्यांवरून शिकले.

आमचा मुलगा विंगर, म्हणजे कडेचा. रिंकला भोवताली कठडा असतो. पक, म्हणजे ती रबराची चकती, त्या कठड्याला घासत येते. ती तिथून काढून मधल्या खेळाडूला द्यायची, हे विंगरचं काम. काढत असताना मागून कोणीतरी त्याला कठड्यावर आपटतो, आणि ते नियमात बसतं. एका वेळेला साधारण पंचेचाळीस सेकंद बर्फावर राहायचं, जीव तोडून धावायचं आणि बाकावर येऊन बसायचं. मग पुन्हा पाठवतील तेव्हा. पाठवायचं की नाही हे फक्त कोच ठरवतो. पगार, नाव, पुढच्या वर्षीचा करार, सगळं त्या पाठवण्यावर चालतं.

पहिल्या वर्षी तो सामन्याला सरासरी सहा मिनिटं खेळला. गोल दोन, गळ्याचं हाड एक, पुढचा दात एक. दुसऱ्या वर्षी अकरा मिनिटं, गोल सात, आणि पगार चाळीस लाखांवर गेला. त्या वर्षीच्या गणपतीला सेंदाईतली सगळी मराठी मंडळी जमली, तेव्हा एक आयटीवाले गृहस्थ मोदक खाता खाता म्हणाले, "काय वहिनी, बर्फावर घसरायचे पैसे देतात म्हणे! आम्ही रोज जानेवारीत फुटपाथवर फुकट घसरतो."

"तुम्ही घसरताना समोरून कोणी गोल करत नाही," मी म्हटलं. "आणि तुमचा मुलगा काय करतो सध्या?"

त्यांचा मुलगा दोन वर्षं घरी बसून होता, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी पगार बेचाळीस लाख झाला आणि मिनिटं कमी व्हायला लागली. अकराची नऊ, नऊची सात. शेवटच्या दहा मिनिटांत तर तो बाकावरच. मी फोनवर विचारलं, "कोचला काही बोललास का?"

"त्यात बोलायचं काय?" तो जपानीत म्हणाला.

"तुझी मिनिटं दुसऱ्याला देतोय तो."

"मिनिटं माझी नसतात. फोन ठेवतो."

मग मी स्वतः मोजायला लागले. संघाच्या शहरात, घरच्या मैदानावर होणारा एकही सामना चुकवला नाही. शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं जायचं, चौथ्या रांगेत बसायचं, हातात दोन घड्याळं आणि मांडीवर वही. तो बर्फावर कधी आला, कधी उतरला. तो असताना आपल्या बाजूनं किती गोल झाले आणि आपल्यावर किती. शेवटचा रकाना परतीच्या सेकंदांचा: समोरच्या टोकाला पक हातची गेली की उलट फिरून आपल्या निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे आपल्या गोलाकडच्या हद्दीपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो. हा रकाना माझ्या कामाचा नव्हता. मला दाखवायचं होतं ते एवढंच की त्याला डावललं जातंय. पण एकाच बाजूचे आकडे लिहायची मला सवय नाही. ऑफिसातही नाही.

फेब्रुवारीपर्यंत अकरा पानं झाली. मी ती जपानीत नीट टाइप केली.

"हे देऊ नकोस," नवरा म्हणाला.

"का?"

"इथे कोणाची आई असलं काही नेऊन देत नाही."

"इथे कोणाची आई मोजत नाही."

"मी सत्तावीस वर्षं तुझ्या हाताखाली आहे. माझी अकरा पानं कुठे ठेवलीस?"

मी हसले नाही. एका सामन्याआधी व्यवस्थापकाला गाठलं आणि फाइल दिली, बरोबर स्टेशनवर घेतलेला मिठाईचा डबा. त्यानं दोन्ही हातांनी फाइल घेतली, मग दोन्ही हातांनी डबा घेतला, वाकला आणि म्हणाला, नक्की वाचू. मुलाला मी सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकाचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलले.

"ओकासान, फार बारकाईचं काम आहे. एकच शंका. परतीचे सेकंद नोव्हेंबरपर्यंत सहाच्या आसपास आहेत आणि नंतर नऊ. हातानं मोजलेलं आहे, तेव्हा थोडी चूक असू शकेल ना?"

"चूक नाही," मी म्हटलं.

"गर्दी असते, खेळाडू एकमेकांच्या आड येतात. नोव्हेंबरपासून तुमची बसायची जागा वगैरे बदलली असेल."

"जागा तीच आहे. आणि मी दोन घड्याळांनी मोजते. दोन्हींत दोन दशांश सेकंदांपेक्षा जास्त फरक असला तर ती नोंद घेत नाही."

तो म्हणाला, "पण तरी, ओकासान, शेवटी माणसाचा हात आहे."

मला राग आला. माझ्या कामावर तिसऱ्यांदा कोणी शंका घेतली की मला राग येतो. मी म्हटलं, "हवं तर वह्या पाठवते. तपासून घ्या."

"नको, नको," तो म्हणाला. "मग ते बरोबरच असणार." आणि आभार मानून फोन ठेवला.

दहा दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी, मुलगा न सांगता घरी आला. बूट काढले, जेवायच्या टेबलावर माझी फाइल ठेवली आणि बसला. तिच्यात पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. सगळ्या शेवटच्या रकान्यावर.

"करार संपला," तो म्हणाला. मराठीत. "पुढच्या वर्षी नाही."

नवरा घरीच होता. तो चहा टाकायला उठला आणि तिथेच ओट्यापाशी उभा राहिला.

"मी हे त्यासाठी दिलं नव्हतं," मी म्हटलं. "पान तीन बघ. शेवटच्या दहा मिनिटांत चौदा सामने तुला शून्य..."

"कोचनं पान तीन उघडलंच नाही. म्हणाला, परत यायला उशीर होतोय असं वाटत होतं, पण वाटण्यावर कोणाला काढता येत नाही. आता आकडा आहे."

"आकडा चुकीचा आहे का?"

"चुकीचा आहे असं मी म्हटलं का? नोव्हेंबरात माझ्या मांडीचा स्नायू फाटला. इंजेक्शन घेऊन खेळत होतो. कोणाला सांगितलं नव्हतं. करार झाला की उन्हाळ्यात नीट करणार होतो."

"मला सांगायचंस."

"तू दर सामन्याला येऊन माझं लंगडणं मोजत होतीस, आई. नऊ लिहिलंस. एकदा विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. सहाचे नऊ झाले तेव्हा मी समासात फुली केली होती आणि बेरीज पुन्हा तपासली होती.

"त्या व्यवस्थापकाचा फोन आला होता," नवरा ओट्यापासूनच म्हणाला. "ही सांगत होती. चूक असू शकेल का, असं तीनदा विचारलं त्यानं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "तीनदा? आणि तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं. नव्हतीच चूक."

"तो माणूस मला ठेवायला बघत होता," मुलगा म्हणाला. "तू एकदा 'असेल' म्हटलं असतंस, तर त्यानं ती फाइल कपाटात टाकली असती. इथे जन्मलेलं लहान पोर ओळखेल, तीनदा विचारतात तेव्हा काय विचारतात."

"मी खोटं बोलणार नाही."

"तुला खोटं बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. हात माणसाचाच होता ना?"

चहा त्यानं घेतला नाही. फाइल टेबलावरच सोडून गेला. दारात बूट चढवताना डावा पाय त्याला हातानं उचलून पुढे घ्यावा लागला. मी ते पाहिलं. या वेळी मोजलं नाही.

विंगरची कारकीर्द म्हणजे तीन हंगाम, एकूण तेरा गोल. पंचविसाव्या वर्षी संपली. दुसऱ्या कोणत्या संघानं फाटलेल्या मांडीला बोलावलं नाही. आता तो संघाच्याच शहरात एका क्रीडासाहित्याच्या दुकानात स्केट्सना धार लावतो. हे मला नवऱ्याकडून कळतं.

हिशेब असा मिटला. संघानं मुलाला एप्रिलचा शेवटचा पगार दिला, साडेतीन लाख. त्याशिवाय काही नाही, करारात तसंच होतं. एप्रिलच्याच शेवटी संघाकडून माझ्या नावानं एक पाकीट आलं. आकडेवारीच्या कामाबद्दल मानधन तीस हजार येन, उगमस्थानी कापलेला कर तीन हजार त्रेसष्ट वजा जाता सव्वीस हजार नऊशे सदतीस, खात्यात जमा केल्याची पावती. करकपात मी पडताळून पाहिली, बरोबर होती. मी ती रक्कम त्याच दिवशी मुलाच्या खात्यात टाकली, पायाच्या तपासणीसाठी म्हणून. तीन दिवसांनी ती परत आली. बँकेचं शुल्क दोनशे वीस येन त्यानं त्यातूनच कापून घेतलं होतं. मिळाले सव्वीस हजार सातशे सतरा, मला.