इंदूबाईंचा घिस्सा

ढोलकीवर बसण्याआधी इंदूबाई हातातल्या बांगड्या काढायच्या. एकेक करून, न घाबरता, न घाई करता. सगळ्या रुमालात बांधायच्या आणि ती पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवून म्हणायच्या, "मॅडम, सांभाळा. मी आता बाई नाई, वाजवनारा हाव." मग पदर कमरेला खोचून त्या अशा काही बसायच्या, की समोर खुर्च्या लावणारे लोक खुर्च्या लावायचे थांबून बघत राहायचे. बाई गाते हे लोकांना ठाऊक असतं. बाई ढोलकी वाजवते म्हटलं की, आता काय होतं ते पाहू, असा चेहरा करून माणसं बसतात. पहिल्या गाण्याच्या मध्यावर तो चेहरा उतरलेला असायचा.

गेल्या वर्षी त्या गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. आमच्या वस्तीतल्या विहारात अभिवादन सभा झाली, आणि जो उठला तो त्यांच्या ढोलकीबद्दल बोलला. त्यांच्या हाताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला ते लागलं. म्हणून हे लिहायला बसले.

भद्रावतीतल्या आमच्या महिला मंडळात मी गायची आणि त्या वाजवायच्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे मंडळातही सगळ्यांची मॅडमच. इंदूबाईंची घरी मेस होती. कारखान्यात आणि कोळशाच्या खाणीत कामाला आलेली, घरापासून लांब राहणारी पोरं त्यांच्याकडे जेवायची. दोन्ही वेळच्या पोळ्या त्या स्वतः लाटत. कणीक मळायला कोणी मदतीला आलं तर त्याला हाकलून देत. म्हणत, "तुह्या हातची कनिक रबरासारखी होते बापा, पोट्टे जेवतीन का चघळतीन?" मालक लवकर वारले होते. एक मुलगा होता, तो पुढे नोकरीला लागला.

वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. पोरीला त्यांनी कधी शिकवलं नाही, पण पोरगी पिठाच्या रिकाम्या डब्यावर शिकली. लग्नानंतर स्वतःच्या कमाईची ढोलकी घेतली. एसटीने चंद्रपूरला कार्यक्रमाला जाताना ती मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, सामान वर ठेवा." त्या म्हणाल्या, "सामान नाई ते. वर टपावर ठेवलं तं उन्हानं पुडीचं चामडं खराब होते." कंडक्टर चिडून म्हणाला, मग तिकीट काढा तिचं. इंदूबाई शांतपणे म्हणाल्या, "काढा ना. पन मंग तिले सीट द्या लागन, अन् खिडकीजवळची द्या." अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

आता त्यांच्या घिश्श्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. ढोलकीच्या डाव्या बाजूच्या जाड पुडीवर थाप मारली की तळहाताची टाच, म्हणजे मनगटाला लागून असलेला मऊ भाग, पुडीवर दाबून पुढे घासायचा. आवाज खालून वर चढत जातो. कोणी घुमतोय असं वाटतं. पुष्कळ जण घिस्सा मारतात. इंदूबाई मारायच्या तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हलायचं. कडवं संपवून मी धृपदावर यायची आणि त्याच जागी तो घिस्सा यायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या मला नव्हत्या, हे मला चांगलं कळायचं. पुढे पुढे तर लोक ओरडायचे, "बाई, अजून एक." मग त्या मान खाली घालून हसायच्या आणि अजून एक द्यायच्या.

नंतर मोठमोठे साउंड बॉक्स आले. स्टेजवर कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. बॉक्स लोकांकडे तोंड करून असायचे, त्यामुळे आम्हाला आमचंच काही ऐकू यायचं नाही. ढोलकीसमोर माइक असूनही इंदूबाईंना वाटायचं, आपला आवाज दबतो आहे. त्या जास्त जोरात मारायच्या. पुढे पान्याने नट आवळून पुडी ताणायला लागल्या. ताणलेली पुडी हाताला उलटा धक्का देते. मी एकदा म्हटलं, माइकवाल्याला सांगा ना, एक बॉक्स आपल्याकडे फिरव म्हणून. त्या म्हणाल्या, "तो कोनाचं आयकते? त्याले वाटते, बाईले समजत नाई."

पहिल्यांदा मला शंका आली ती एका फोडावरून. सकाळी त्यांच्याकडे गेले होते. तव्यासमोर बसल्या होत्या. डाव्या हाताच्या तर्जनीवर टरारून फोड आला होता. "हे कधी भाजलं?" मी विचारलं. त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं आणि नवल वाटल्यासारखं बघितलं. "मालूम नाई." त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्या बोटांना पुडीचा ताण किती आहे हे नुसत्या स्पर्शाने कळायचं, त्या बोटांना तवा कळला नव्हता. मला भीती वाटली. त्यांनाही वाटली असणार, पण त्या पोळी उलटवत म्हणाल्या, "झोपून राह्यलं असन बोट. माह्यासारखं त्यालेही रातच्याले झोप येत नाई."

उपाय सगळे घरचे झाले. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. मग कुणीतरी सांगितलं, वाजवताना मनगट घट्ट बांधायचं म्हणजे जोर येतो. आमच्याकडे हे सगळे वाजवणारे करतात, अभिमानाने करतात. मनगटाला पट्टी दिसली की हा पट्टीचा वाजवणारा, असं लोक समजतात. इंदूबाईंनी लवचीक पट्टी अशी आवळली की बोटं निळसर दिसायची. कार्यक्रम संपल्यावर सोडताना त्यांच्या तोंडून आवाज निघायचा, आणि तो मला एकटीला ऐकू येईल एवढाच असायचा.

शेवटी मीच त्यांना ओढून चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या वयाने लहान होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "वाजवून दाखवा."

"इथी? कायच्यावर?"

"टेबलावर. घरी वाजवता तसंच."

इंदूबाईंनी टेबलावर ठेका धरला. ओळीच्या शेवटी सवयीने तळहाताची टाच दाबून पुढे घासली. डॉक्टरांनी तिथेच त्यांचा हात धरला. "इथून नस जाते, बोटांकडे. दर गाण्यात तुम्ही तिच्यावर सगळं वजन टाकून तिला घासता. घरी पोळपाटावर हीच जागा दाबली जाते. वरून घट्ट पट्टी. तिला मोकळं व्हायला वेळच मिळत नाही."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. पट्टी फेकून द्या. रात्री मनगट सरळ राहील असा आधार बांधून झोपा. पुडी सैल करा, दोन गाण्यांच्या मध्ये हात मांडीवर मोकळा ठेवा. कणीक काही दिवस दुसऱ्याला मळू द्या. "आणि दुखायची वाट पाहू नका. मुंग्या आल्या की थांबायचं. घिस्सा बंद."

"डॉक्टरीनबाई, घिस्सा काढला तं ढोलकीत का राह्यते? डब्बा?"

"हात राहतो," डॉक्टर म्हणाल्या. "उशीर केलात तर ऑपरेशन करूनही पूर्ण परत येईल असं मी म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "एप्रिल होऊ द्या."

एप्रिल म्हणजे जयंतीचा महिना. आमच्या मंडळाला महिनाभर उसंत नसते. आणि हे सांगायला हवं की त्यांनी प्रयत्न केला. पहिल्या कार्यक्रमात घिस्सा मारला नाही. नुसता स्वच्छ ठेका धरला. तिसऱ्या गाण्याला आयोजक स्टेजच्या कडेला येऊन म्हणाला, "काऊन बाई, आज तब्येत बरी नाई का? लोकं वाट पाहून राह्यले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेने नको म्हटलं. पुढच्या धृपदाला घिस्सा आला आणि मंडप दणाणून उठला. मला त्यांचा राग आला. नंतर घरी गेल्यावर मी त्यांना बोललेही. त्या म्हणाल्या, "तुमाले गळा हाय मॅडम, म्हनून समजत नाई. माह्याजवळ तेवढंच हाय."

महिना संपेपर्यंत त्यांना ब्लाउजचे हूक लावता येईनात. पावसाळ्यात ऑपरेशन झालं. रात्रीच्या मुंग्या गेल्या, झोप आली. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आधीच सुकून सपाट झाला होता, तो भरला नाही. बोटांना निम्मंच कळायचं. त्यांनी ढोलकीला खोळ घातली आणि ती कपाटावर ठेवली. त्या काळात त्यांच्याकडे जायला मला नको वाटायचं. घरात मुलगा, सून, जेवायला आलेली पोरं, सगळे दबून वागायचे. एकदा त्या माझ्यासमोर स्वतःच्या हाताला म्हणाल्या, "मेला असता तं बरं होतं. हा तं नुसता लटकून हाय."

ती खोळ काढली सुनेने. प्रणाली तिचं नाव. तिने सासूला विचारलं, शिकवता का? इंदूबाईंनी आठवडाभर उत्तर दिलं नाही आणि मग इतक्या कडकपणे शिकवायला लागल्या की पोरगी पळून जाईल असं मला वाटलं. बसायच्या आधी कोमट पाण्यात हात. मनगट सरळ, खांदा खाली. पुडी सैल. दोन गाणी झाली की थांबा. कार्यक्रमात ही विश्रांती कशी मिळवायची, याचा मार्ग त्यांनी माझ्या जिवावर काढला. दोन गाणी झाली की पहिल्या रांगेतून इंदूबाईंची खूण व्हायची. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "मॅडम, तुमी बोलत राहा. तिचा हात थंडा होऊ द्या." माझ्या निवेदनाचं लोक कौतुक करायचे, पण ते कशासाठी होतं हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. आणि घिस्सा नाही. जन्मात नाही, असं त्यांनी सुनेकडून वदवून घेतलं होतं.

प्रणालीने तो मोबाइलवर बघून शिकून घेतला होता.

हे कळलं जयंतीच्या दिवसांत, माजरी गावात. संध्याकाळचा कार्यक्रम, मुख्य वक्ते यायचे होते. दुसऱ्या गाण्याच्या धृपदावर अचानक तो आवाज खालून वर चढत गेला, आणि मी क्षणभर ओळच विसरले. लोक ओरडले, "अजून एक." तिने अजून एक दिला. आणखी एक दिला. पहिल्या रांगेतून इंदूबाई उठल्या. पायऱ्या चढून वर आल्या आणि त्यांनी उजवा हात ढोलकीच्या पुडीवर ठेवला. ठेका थांबला, गाणं अर्ध्यात थांबलं. ज्या बाईने कधी कोणाचं गाणं मोडलं नव्हतं, तिने भर जयंतीत मोडलं. आयोजक धावत आला. इंदूबाईंनी माझ्यासमोरचा माइक डाव्या हाताने उचलला. तो हातात आहे असं त्यांना वाटत राहिलं आणि तो निसटून फळ्यांवर पडला. बॉक्समधून धडाम असा आवाज झाला. त्यांनी माइक परत उचलला नाही. प्रणालीला दंडाला धरून उठवलं आणि खाली घेऊन गेल्या. मी नुसत्या कीबोर्डच्या साथीवर कसंतरी गाणं पुरं केलं.

परतताना गाडीत आम्ही तिघी मागच्या बाकावर होतो. मी मध्ये.

"आई, तुमी माही इज्जत घेतली सगळ्यायसमोर," प्रणाली म्हणाली.

"घेतली," इंदूबाई म्हणाल्या.

भद्रावतीचे दिवे दिसायला लागले तशी प्रणाली रडायला लागली. "महिना झाला, रातच्याले हे दोन बोटं मुंग्या मारून राह्यलेत. तुमाले सांगतलं असतं तं तुमी ढोलकी काढून घेतली असती. म्हनून नाई सांगतलं."

इंदूबाईंनी मला उठवून पलीकडे बसवलं आणि तिच्या शेजारी सरकल्या. तिचा हात मांडीवर घेतला. एकेक बोटाचं टोक दाबत विचारू लागल्या, हे कळते? हे? हे? दोन बोटांवर प्रणाली थांबली आणि म्हणाली, "कमी कळते." गाडी घरासमोर येऊन उभी राहिली तरी त्या उतरल्या नाहीत. इंदूबाईंना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"मी अंगठा सुकेपर्यंत सोताहून कोनाले सांगतलं नाई," त्या म्हणाल्या. "मॅडमले फोड दिसला, म्हनून समजलं. तू महिन्यात सांगतलं. लय बरं केलं बापा. ढोलकी नाई काढून घेत तुही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं चंद्रपूरले जाऊ, दोघी. अन् सारे कार्यक्रम रद्द. लोकायले मी सांगतो."