आर्गनवाल्या धनुताई

धनुताई कामाला बसण्याआधी साबणाने तीनदा हात धुवायच्या, थेट कोपरापर्यंत. नव्या माणसांना वाटे, वेसाव्याच्या कोळीवाड्यातून येतात, मासळीचा वास घालवत असतील. एकाने तसं बोलूनही दाखवलं.

"मासळीचा वास माझ्या घरचा हाय, तो कशाला घालवू?" त्या म्हणाल्या. "पत्र्याला तेलकट हात चालत नाय. एवढासा डाग राहिला तरी वेल्डिंगचा टाका फुटतो."

मरोळच्या आमच्या कारखान्यात पूर्वी औषधकंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनायच्या. मग सैन्याच्या छोट्या जेट इंजिनांचं काम आलं. आख्खं इंजिन हंड्याएवढं. त्यात इंधन जिथे जळतं, तो पातळ पत्र्याचा डबा आम्ही करायचो. आर्गन गॅसच्या झोतात वेल्डिंग करताना हात जरा थबकला की पत्र्याला भोक. शेठनी दोन नावाजलेले वेल्डर आणले, तरी डबे भंगारातच जात होते. तेव्हा टाक्यांवर काम करणाऱ्या धनुताई माझ्याकडे आल्या. मी तिथला सुपरवायझर, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान.

"जोशी, भंगारातले तुकडे दे मला."

आठवडाभर त्या जेवणाच्या सुट्टीत तुकडे जोडत बसल्या. त्यानंतर त्यांनी केलेला पहिलाच डबा तपासणीत पास झाला. शेठनी विचारलं, हे जमलं कसं? "लहानपणी जाळी विणलीत. गाठ डोळ्याने नाय बसत शेठ, हाताला ठावी लागते."

पण त्यांची खरी ओळख मला पटली ती वेगळ्याच दिवशी. सहा डब्यांची पहिली खेप तपासून, शिक्के मारून खोक्यात बंद झाली होती. टेम्पो दारात उभा होता. वेळ चुकली तर काम दुसऱ्याकडे जाणार, असं गिऱ्हाइकाने बजावलं होतं. इतक्यात धनुताई धावत आल्या.

"थांबवा! कालचा शेवटचा डबा काढा."

डब्याच्या आतल्या बाजूला हवा लागू नये म्हणून वेल्डिंग करताना आतही गॅस सोडतात. त्या गॅसची बाटली सकाळी त्यांना पार रिकामी सापडली होती. आदल्या दिवशी काम चालू असतानाच ती संपली असेल, अशी त्यांना शंका आली.

"अहो, तपासणीत पास झालाय तो," शेठ वैतागले.

"तपासणी बाहेरून होते. बाटली बघायचं काम माझं होतं, मी नाय बघितली. कापा."

मीच कापला. आतून टाका काळा पडला होता, जळक्या साखरेसारखा दाणेदार. तिथेच उभं राहून शेठनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि जे झालं ते तसंच्या तसं सांगितलं. पलीकडून चार दिवस मिळाले. धनुताईंनी रविवारी येऊन नवा डबा केला. काम आमच्याकडेच राहिलं, आणि पुढे वाढत गेलं.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. "आता मला एका रेघेच्या दोन दिसतात," असं त्यांनी स्वतःहूनच शेठना सांगितलं. निरोपाच्या दिवशी हार, शाल, बटाटेवडे झाले. नंतर आम्ही दोघं फाटकापाशी चहा घेत उभे होतो. विमानतळाकडे उतरणारी विमानं डोक्यावरून जात होती.

"जोशी, इतकी वर्षं विचारलं नाय. आपलं इंजिन लावतात कुठल्या विमानाला?"

मला सांगणं जिवावर आलं. "छोटं असतं, ताई. आत माणूस नसतो. ते आकाशात सोडतात आणि सैन्यातले लोक त्याच्यावर नेम धरून सराव करतात."

"म्हंजे पाडायलाच बनवतो आपण?"

"हो."

मला वाटलं, उगाच बोललो. मग त्यांना हसू फुटलं. "चालेल. त्यांनी पाडलं तर पडू दे. आपणहून पडता कामा नये." पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती पडली रे तशी?"

"आपल्या डब्यामुळे? एकही नाही."

"झकास!" त्या म्हणाल्या. उरलेले दोन वडे रुमालात बांधून घेतले आणि वेसाव्याच्या बसकडे निघाल्या.