तुमची नवरी नाशिकला आहे

कुमुदआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकरोड स्टेशनवर उभी होते. आत्याचे यजमान, आमचे काका, पलीकडून काहीतरी सांगत होते आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावरच्या कर्ण्यातून कुठल्याशा गाडीची घोषणा सुरू झाली. तीन वेळा मी "काय? काय म्हणालात?" असं ओरडले. शेवटी घोषणा थांबली, आणि काका हळूच म्हणाले, "कुमुद गेली गं."

आत्या मनमाड जंक्शनवर घोषणा करायची. नोकरीला लागली तेव्हा औरंगाबादकडची लाईन छोटी, म्हणजे अरुंद रुळांची होती. माणसं आणि पोती दोन्ही मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. पुढे ती लाईन मोठी झाली, पण मनमाडला उतरून गोंधळायची लोकांची सवय काही गेली नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत आत्या त्यांना वाटेला लावायची. बागलाणातली मंडळी दिसली की शेवटी अहिराणीत एक वाक्य जास्तीचं. तिचं इंग्रजी मात्र असं होतं, की एकदा एक गोरे पाहुणे ते ऐकून हिंदी घोषणेची वाट बघत थांबले होते.

पण आत्या म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट निघते. माझ्या ताईच्या लग्नाची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न नाशिकला, संध्याकाळच्या मुहूर्तावर. नवरदेव नगरचे. वऱ्हाड नगरहून मनमाडला येणार, तिथे गाडी बदलून नाशिकला. आत्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलेली; ड्यूटी संपवून ती वऱ्हाडाबरोबरच येणार होती. गाडी आली, वऱ्हाड उतरलं, ट्रंका, आहेर, बँडवाल्याचा ढोल, सगळं दुसऱ्या फलाटावर पोहोचलं. नाशिकची गाडीही लागली. आणि नवरदेवाचे वडील धापा टाकत आत्याच्या खोलीत शिरले.

"आत्याबाई, घोटाळा झाला! नवरदेवच नाय!"

"नाय म्हणजे?"

"समदे उतरले, त्योच दिसंना!"

आत्याच्या लगेच लक्षात आलं. नगरहून येणारी गाडी मनमाडला शिरते तेव्हा तिचं तोंड नाशिककडे असतं. मग इंजिन काढून मागच्या बाजूला लावतात आणि गाडी उलटी भुसावळकडे जाते. आमचे भावी भावजी पाणी प्यायला उतरले होते. परत येऊन बघतात तर इंजिन अजून काढलेलं नव्हतं, गाडीचं तोंड नाशिककडेच! डब्यात जागाही भरपूर. ते निवांत खिडकीशी जाऊन बसले. वऱ्हाड पुढच्या डब्यात गेलं असेल, असा त्यांचा समज.

भुसावळचा सिग्नल पडायच्या बेतात होता. आत्याने माईक ओढला.

"कृपया इकडे लक्ष द्या. नगरहून आलेल्या नवरदेवांना सूचना. तुमची गाडी भुसावळला चालली आहे. तुमची नवरी नाशिकला आहे. कृपया ताबडतोब खाली उतरा."

हेच हिंदीत. मग इंग्रजीत.

सगळा फलाट हसायला लागला. आणि गाडीतून नवरदेव उतरले... दोन! दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, दोघांच्या हातात लिंबू खोचलेल्या कट्यारी, दोघेही घाबरून गोरेमोरे. दुसरे बिचारे खरोखरच भुसावळला लग्नाला निघाले होते. 'नवरदेव' एवढंच ऐकून त्यांनी उडी टाकली होती. त्यांची करवली दारातून किंचाळत होती.

आत्याने पुन्हा माईक घेतला. "भुसावळचे नवरदेव, तुमचं बरोबर आहे. तुम्ही परत बसा."

ते बसले, गाडी हलली. आमचे भावजी रूळ ओलांडायला निघाले तर आत्या माईकवरूनच ओरडली, "पुलावरून या!" मुहूर्त गाठला. आत्याने येताच सगळं कानात सांगितल्यामुळे अंतरपाटापाशी ताईला हसू आवरेना, आणि का, ते पलीकडच्या नवऱ्याला बरोबर ठाऊक.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या साहेबांनी आत्याला बोलावलं. "घरगुती घोषणा केलीत म्हणे?"

"घरगुती कसली साहेब? चुकलेला प्रवासी होता."

साहेबांनी तिथेच फाईल मिटली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, असं आत्या सांगायची.

पुढे घोषणांसाठी कॉम्प्युटर आला. आत्या निवृत्त झाल्यावर आम्ही एकदा मनमाडच्या फलाटावर बाकावर बसलो होतो. कर्ण्यातली बाई बोलली. आत्याने नीट ऐकलं आणि म्हणाली, "उच्चार स्वच्छ आहेत हो... पण पुढे कोण उभं आहे, ते तिला कुठे दिसतंय?"

मागच्या आठवड्यात मनमाडला गेले. काका आता स्वतःच स्वयंपाक करतात. घरात आत्या स्वयंपाकघरातून जेवणाचीसुद्धा घोषणा करायची, आणि काका त्यावर चाळीतल्या सगळ्यांकडे कुरकुर करायचे. मी पाट मांडून बसले होते. आत कुकरचं झाकण काही केल्या निघेना. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, "वरण-भात थोड्या उशिराने येत आहे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल..."

मी वाट पाहिली. काका लुंगीला हात पुसत दारात आले.

"पुढचं तूच म्हण," ते म्हणाले. "मला तिच्यासारखं जमत नाही."